पिकवायला घातलेली लस

केळी पिकवण्यात सारी उमर घातलेल्या माणसाला टेंपरेचर म्हणजे काय हे कोणी शिकवू नये, असं माझं मत होतं. आता ते राहिलेलं नाही. ते का गेलं, हे असोद्यात प्रत्येक जण आपापलं तिखटमीठ लावून सांगतो. जळगावच्या मार्केटमध्ये मी गेलो की हमाल एकमेकांना कोपर मारतात. म्हणून म्हटलं, ज्याची फजिती त्यानेच सांगावी. निदान तपशील तरी बरोबर येतील.

माझं नाव पितांबर पाटील. गावाबाहेर माझं केळी पिकवायचं चेंबर आहे. हिरवा माल आत जातो, गॅस देतो, दार बंद करतो, काही दिवसांनी पिवळा माल बाहेर येतो. या धंद्यात तेरा हा आकडा आम्ही देवासारखा मानतो. टेंपरेचर तेरा अंशांच्या खाली गेलं की केळीची साल काळी पडते आणि व्यापारी तोंड फिरवतो. घरातला फ्रिज आमच्या दृष्टीने माल मारायची जागा आहे. फ्रिजात केळी ठेवणाऱ्या माणसाकडे सोयरीकसुद्धा करू नये, असं माझे वडील म्हणत.

माझी बायको दिपमाला मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेली. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. हे वाक्य मी इथे सरळ लिहिलं, पण आमच्या घरात ते कोणी तोंडातून काढत नव्हतं. दोन दिवाळ्या तिने अंथरुणावर काढल्या आणि पेपरात छापून आलं, ‘अल्पशा आजाराने निधन’. ती बातमी माझ्या चुलतभावाने, हेमराजने दिली होती. मी तेव्हा काही वाचायच्या अवस्थेत नव्हतो.

आमची पोरगी मयुरी नववीत आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांनी दिपमालाच्या देखतच सांगितलं होतं, “मुलगी आहे ना? तिला याची लस देऊन टाका. पंधरा पूर्ण व्हायच्या आत दिली तर दोन डोसांत काम होतं, नंतर तीन लागतात.” दिपमालाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं. चेंबरचं दार उघडायची वेळ झाली की ती अशीच माझ्याकडे पाहायची आणि मी दार उघडायचो. माल तयार झाला का, हे ती बाहेरून वासावर सांगायची. मशीनच्या आकड्यापेक्षा माझा तिच्या नाकावर जास्त विश्वास होता.

मयुरीला पंधरावं पूर्ण व्हायला थोडेच आठवडे उरले, तेव्हा मी ठरवलं की आता हे काम उरकून टाकू. एक सुई. त्यात काय एवढं? मी चहा पिता पिता अक्काला सांगितलं. तीच चूक झाली.

अक्का म्हणजे कुंदाबाई, माझी मोठी बहीण. दिपमाला गेल्यावर ती आमचं घर सांभाळायला आली आणि पहिल्याच आठवड्यात घराने तिच्यापुढे मान तुकवली. तिने बशी खाली ठेवली.

“कायची सुई?”

“लस आहे, अक्का. दिपाला झालं ते मयुरीला होऊ नये म्हणून.”

“हळू बोल! भिंतीपल्याड हेमराजचं घर आहे.” मग तीच माझ्याहून मोठ्याने म्हणाली, “लोक विचारतीन, पोरीले कायची सुई दिली? मंग काय सांगशीन? आईले तसलं होतं म्हनून? उद्या तिले कोन करीन मंग?”

“तिच्या लग्नाला अजून दहा वर्षं आहेत.”

“नाव खराब व्हायले दहा मिनिटं लागत नही, पितांबर.”

भिंतीपल्याडून हेमराज आलाच. भिंतीला कान असतात की नाही माहीत नाही, पण हेमराजला दोन आहेत आणि दोन्ही आमच्या भिंतीला लागलेले असतात. त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर एक माणूस कुठल्यातरी भाषेत ओरडत होता आणि खाली मराठीत लिहिलं होतं की ही लस घेतलेल्या पोरींना मूल होत नाही.

“कोण आहे हा?” मी विचारलं.

“मोठा माणूस आहे. पंचवीस लाख लोकांनी पाहिला.”

“पंचवीस लाख लोकांनी तर माकड सायकल चालवताना पण पाहिलं, हेमराज. ते डॉक्टर झालं का?”

हेमराज जवळ सरकला, आवाज बारीक केला. “भाऊ, तसं नाही. ही लस ना, तसल्या पोरींसाठी असते. ज्या बाहेर... समजून घे ना.”

मी समजून घेतलं. माझ्या बायकोने आयुष्यात सोनगीरचं माहेर आणि असोद्याचं सासर सोडून तिसरं गाव पाहिलं ते दवाखान्याचं. मी हेमराजला एवढंच विचारलं, “मग माझी बायको कसली होती, ते पण सांगून टाक.” त्याने चहाचा कप उचलला, कप रिकामा होता, तरी तो तोंडाला लावला आणि निघून गेला. त्याची मोनाली मयुरीच्याच वर्गात आहे. दोघी एकाच सायकलवर शाळेत जातात. हे आत्ताच सांगून ठेवतो.

स्टँडवर बन्सीलाल गुरुजी भेटले. गुरुजी निवृत्त आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला हा विषय घेतला आहे. म्हणाले, “मी विरोधात नाही, पितांबर. मी विज्ञानाच्या बाजूचा माणूस आहे. पण घाई काय? आधी दुसऱ्यांच्या मुलींना देऊन पाहू दे.” मी म्हटलं, गुरुजी, दुसरेही हेच म्हणत असतील. गुरुजींनी मान डोलावली. “म्हणजे सगळे सावध आहेत. चांगली गोष्ट आहे.”

आता मला चीड आली होती. सांगून ठेवतो, मला चीड आली की मी काम लवकर करतो, चांगलं करत नाही.

गावात डॉक्टर योगेंद्रांचा दवाखाना आहे. भला माणूस. ते म्हणाले, “पितांबरभाऊ, माझ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेलाय, मी ही लस ठेवत नाही. तुम्ही जळगावहून आणा, मी टोचून देतो.” चिठ्ठी लिहून दिली. मी जळगाव गाठलं. मेडिकलवाला म्हणाला, चिठ्ठीवर शिक्का नाही. मी असोद्याला परत आलो. शिक्का कंपाउंडरच्या ताब्यात आणि कंपाउंडर जेवायला. तो जेवून आला, शिक्का मारला, शाई वाळलेली असल्यामुळे शिक्क्याचा फक्त गोल उमटला. तसाच परत गेलो. मेडिकलवाल्याने तो गोल उजेडात धरून पाहिला, मग मोबाइल नंबर मागितला, मग त्यावर आलेला आकडा मागितला, मग म्हणाला रेंज नाही, बाहेर रस्त्यावर उभे राहा. केळीचे दहा ट्रक मी याहून कमी त्रासात महाराष्ट्राबाहेर पाठवले आहेत.

शेवटी त्याने थर्माकोलचा छोटा डबा हातात दिला. आत बर्फाची पिशवी, मध्ये लस. “भाऊ, याचं टेंपरेचर—”

“मला सांगू नको,” मी म्हणालो. “मी चेंबरवाला आहे.”

तो गप्प बसला. चेंबरवाल्याचं आमच्याकडे तेवढं वजन आहे.

असोद्याला पोचलो तर डॉक्टर योगेंद्र पहूरला साखरपुड्याला गेलेले. सकाळी या, असा निरोप. आता लस कुठे ठेवायची? घरचा फ्रिज? फ्रिजचं दार अक्का दिवसातून शंभरदा उघडते. शिवाय ही एवढी महागाची वस्तू, नाजूक, तिची साल काळी पडली म्हणजे? तुम्ही हसाल. पण ज्याने जन्मभर एकाच मालाची काळजी घेतली, त्याला जगातला सगळा नाजूक माल तसाच दिसतो.

मी लस चेंबरमध्ये नेली. आत गॅस दिलेला होता, दार उघडायची वेळ झालेली नव्हती. तरी उघडलं. सोळावर चाललेलं मशीन खाली तेरावर आणलं, फक्त तिच्यासाठी. दोन कॅरेटच्या मध्ये डबा ठेवला. बर्फाची पिशवी तेवढी काढून टाकली, कारण बर्फ लागला की डाग पडतो. दार लावताना मला वाटलं, दिपा असती तर तिला बरं वाटलं असतं. मग वाटलं, दिपा असती तर ती नाक मुरडून म्हणाली असती, वास बरोबर नाही येत हो. पण तसं म्हणायला ती नव्हती.

सकाळी मयुरीला घेऊन मी दवाखान्यात गेलो. बाकावर आठदहा पेशंट. डॉक्टरांनी डबा उघडला, बोटाने चाचपला.

“भाऊ, ही फ्रिजमध्ये होती ना?”

“फ्रिजपेक्षा चांगल्या ठिकाणी. चेंबरमध्ये. तेरावर, एक अंश इकडेतिकडे नाही.”

डॉक्टरांनी डबा खाली ठेवला. “भाऊ, ही लस आहे. केळी नाही. हिला दोन ते आठ लागतं.” त्यांनी खोक्यावर बोट ठेवलं. तिथे खरंच लिहिलेलं होतं. मुंगीएवढ्या अक्षरात. “रात्रभर तेरावर राहिली. मी ही टोचणार नाही.”

“पण काळी पडलेली नाही!” मी म्हणालो.

हे मी म्हणायला नको होतं. बाकावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मयुरी उठून बाहेर गेली.

दुपारपर्यंत गावभर झालं की पितांबरने पोरीची लस पिकवायला घातली. संध्याकाळपर्यंत त्यात गॅस आला. आधीच हेमराजच्या मोबाइलमध्ये आणखी एक व्हिडिओ होता की या लसीने पोरी वेळेआधी मोठ्या होतात. आता तर लसीला प्रत्यक्ष गॅस लागलेला. लोकांना शास्त्र सापडलं. बन्सीलाल गुरुजींनी मला थांबवून गंभीरपणे विचारलं, “गॅस लसीच्या आत शिरतो का रे?” मी म्हटलं, गुरुजी, काच आहे. ते म्हणाले, “काचेचाच तर भरवसा नाही.”

इकडे चेंबरचं काय झालं? अर्ध्यात दार उघडल्याने गॅस गेला, टेंपरेचर पडलं, माल अडखळला. एका फणीत दोन केळी पिवळी, दोन हिरवी, एक ठिपक्याची. धुळ्याचे अभिमन शेठ हा माल घेणार होते. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, “पितांबरभाऊ, केळी पाठवताय का सरडे?”

मयुरी शाळेतून आली ती दप्तर न काढता ओट्यावर बसली. मी जवळ गेलो. मोनाली सोडून सगळ्या पोरी तिला विचारत होत्या, पिकली का गं? मला वाटलं रडेल. ती रडली नाही. आईसारखी गप्प बसणारी पोरगी नाही ती, माझ्यासारखी चिडणारी आहे.

“पप्पा, मम्मीला काय झालं होतं?”

“तुला माहीत आहे ना?”

“मला माहीत आहे. मग सगळ्यांना पोटदुखी होती असं का सांगतात? पोटदुखीने कोणी मरतं का? मग मी पोटदुखीची लस घेतेय का?”

आतून अक्का म्हणाली, “मयुरी, हात धुय.” मयुरी उठली नाही. मीही नाही उठलो. मग मी म्हणालो, “लस मिळेल तुला. मी आणतो.”

आता दुसरी फजिती. पहिलीवर माझं काही म्हणणं आहे, हिच्यावर नाही. डॉक्टरला गार पाहिजे ना? मग घ्या गार, अशा तोऱ्यात मी निघालो. त्याच मेडिकलमध्ये एक शेवटची लस शिल्लक होती. या वेळी मेडिकलवाल्याने, “भाऊ, चेंबर...” एवढंच म्हणून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी लस उचलली आणि निघालो. जळगावच्या स्टेशनवर चिंधा कुल्फीवाला माझा जुना ओळखीचा. त्याच्या मटक्यात मीठ घातलेला बर्फ असतो. तो छाती ठोकून म्हणाला, “पितांबरभाऊ, माझी कुल्फी उन्हाळ्यात भुसावळपर्यंत जाते, पाघळत नाही.” मी लस मटक्यात ठेवून, झाकण घट्ट लावून, मांडीवर धरून रिक्षाने असोदा गाठलं.

डॉक्टर योगेंद्रांनी मटक्यातून लस काढली. काचेतलं औषध दगडासारखं झालेलं.

“परवा उकडली,” ते म्हणाले, “आज गोठवली. गोठली की ही मेली, भाऊ. वितळली तरी उपयोग नाही.”

“म्हणजे तेरालाही नाही, शून्यालाही नाही?”

“दोन ते आठ.” आणि मग, माझा चेहरा पाहून, ते हसू आवरून म्हणाले, “पितांबरभाऊ, लसीला पोरीकडे आणू नका. पोरीला लसीकडे न्या.”

एवढं साधं वाक्य. आमच्या धंद्यात माल गिऱ्हाइकाकडे जातो, त्यामुळे ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बाहेर बाकावरच्या बाईने विचारलं, “आज कोन्ती कुल्फी होती, भाऊ?” मी तिला मटका देऊन टाकला.

जळगावात दोनतीन ठिकाणी फोन केले. पुढच्या महिन्यात या, म्हणाले. पुढच्या महिन्यात मयुरीला पंधरावं पूर्ण होणार होतं. धुळ्याच्या एका मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे लस होती, त्यांच्या फ्रिजमध्ये, दोन ते आठवर. मी विचारून घेतलं. फोनवरची मुलगी म्हणाली, “काका, लसीचं टेंपरेचर विचारणारे तुम्ही पहिलेच.” मी म्हटलं, मी त्या लाइनीतलाच आहे.

अभिमन शेठने सरड्यांना अर्ध्या भावात घ्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे एका फेरीत दोन कामं. पिकअपमध्ये मागे माल भरला, पुढे मयुरीला बसवलं आणि गाडी सुरू करतो तो अक्का दार उघडून आत. हातात पिशवी, डोक्यावर पदर.

“तू कुठे?”

“पोरीसंगं. कोनी बाई पाहिजे ना?” ती म्हणाली. तोंडावर असा शांतपणा की मला तिथेच संशय यायला पाहिजे होता. पारोळ्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. अक्का पारोळ्यापर्यंत गप्प, ही गोष्टच पेपरात द्यायच्या लायकीची होती.

धुळ्याला दवाखान्याच्या पायरीवर माझी सासू बसलेली होती.

भिकुबाई सोनगीरहून सकाळच्या बसने आल्या होत्या. हातात पिशवी, पायात एक चप्पल नवी आणि एक जुनी. घाईत निघाल्या असणार. अक्काने फोन करून सांगितलं होतं, जवाई पोरीला कसली तरी सुई द्यायला नेतोय, तुम्हीच आवरा आता. अक्काचा हिशोब पक्का होता. बायकोच्या आईपुढे मी बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. दिपा गेल्यापासून मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिलेला नव्हता.

“जवाई,” भिकुबाई म्हणाल्या, “काय चालू शे हाई?”

“आत बसू, मामी.” मी दार उघडून धरलं.

आत पोरांची गर्दी. भिंतीवर हत्ती, ससे, एक जिराफ. सगळी पोरं रडत होती, कारण एक रडलं की बाकीच्यांना कारण लागत नाही. मी गाडीतून एक कॅरेट आणलं आणि सरडे वाटले. पोरं गप्प झाली. हिरव्या-पिवळ्या केळ्याला लहान पोर नाव ठेवत नाही, हे अभिमन शेठला सांगायला पाहिजे.

काउंटरवर मेघा नावाची मुलगी होती, फोनवाली तीच. कॉम्प्युटरवर टकटक करत विचारू लागली. नाव, वय, शाळा, कशाची ॲलर्जी, ताप आहे का. मी सांगत गेलो. अक्का माझ्या उजव्या खांद्याशी, भिकुबाई डाव्या. दोघींच्या मध्ये मी, दोन पोलिसांत धरलेल्या चोरासारखा.

“घरात कोणाला कॅन्सर होता?”

“नाही,” अक्का म्हणाली. माझ्या आधी. मोठ्याने. “आमच्या घरात तसलं काही नाही.”

मेघाने कळ दाबायला बोट उचललं. मयुरीने माझ्याकडे पाहिलं. दिपमाला बघायची तसंच, दार उघडायची वेळ झाली की.

“थांबा, ताई,” मी म्हणालो. “होता. हिच्या आईला. गर्भाशयाच्या मुखाचा.”

माझा आवाज मोठा निघाला असावा. चेंबरमध्ये मशीनच्या आवाजात बोलायची सवय. समोर एक पोरगं तोंडात केळं धरून चावायचं थांबलं. अक्काने पदर तोंडावर घेतला. मी डावीकडे वळून पाहिलं.

भिकुबाईंचा हात काउंटरवर होता.

“मले त पोटनं दुखनं सांगं व्हतं,” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली नाही, एवढंच केलं.

“हाई सुई त्याच रोगनी शे का, जवाई?”

“हो, मामी. तो होऊ नये म्हणून.”

“मंग मनी दिपाले काबं नही दिधी?”

“तिच्या वयात नव्हती, मामी. आपल्याकडे आलीच नव्हती.”

त्यांनी मयुरीच्या दंडावरून हात फिरवला, जसं बाजारात कापड बघतात तसा, खालून वर, वरून खाली.

“आते शे ना?”

“आहे.”

“मंग बठ्ठास्ले, आख्खा गावले, कसाले इचारत बसतस?” त्या म्हणाल्या आणि अक्काकडे वळल्या. “कुंदाबाई, हाई थांबाडाकरता बलायं व्हतं का तुमी मले? मनी लेक, मनी आंडेर गयी. आते तिनी आंडेर शे. सरका बाजूले.”

अक्का सरकली. माझ्या आठवणीत अक्का कोणाच्या सांगण्यावरून सरकली ती पहिलीच वेळ.

डॉक्टरीणबाईंनी फ्रिज उघडून लस काढली. मी काचेतून आकडा वाचला. चार. मग सुई बाहेर आली. इथे मला एक गोष्ट सांगायची इच्छा नाही, पण मेघाने ती सगळ्या दवाखान्याला हाका मारून दाखवली असल्याने लपवून उपयोग नाही. मयुरी ताठ बसली होती. मी तिचा हात धरला होता. सुई टेकली आणि हत्ती, ससे, जिराफ एकदम एकमेकांत मिसळले. डोळे उघडले तेव्हा मी लहान पोरांच्या खाटेवर होतो, पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबकळत होते आणि भिकुबाई मला माझंच केळं भरवत होत्या.

“पप्पा, एवढंच होतं?” मयुरी दंडाला कापूस धरून विचारत होती. “एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सुईनंतर थोडा वेळ बसवून ठेवतो, चक्कर येते म्हणून. त्या बहुतेक मयुरीबद्दल बोलत होत्या. दुसरा डोस सहा महिन्यांनी.

परतीच्या वाटेवर अक्का पारोळ्यापर्यंत गप्प, हे दुसऱ्यांदा झालं. पारोळा मागे पडल्यावर म्हणाली, “गावात काय सांगशीन आता?”

“तेच सांगेन.”

पुढच्याच आठवड्यात दिपमालाचं वर्षश्राद्ध होतं. आमच्याकडे पुण्यस्मरणाचा फ्लेक्स लावतात, स्टँडच्या खांबावर. जळगावच्या फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयारच असतो, फक्त फोटो आणि नाव बदलायचं. त्याने कॉम्प्युटरवर दाखवलं. दिपाचा हळदीकुंकवाच्या दिवशीचा फोटो, खाली, ‘अल्पशा आजाराने...’

“हे काढ,” मी म्हणालो.

“काढतो. मग काय टाकू?”

मी सांगितलं. त्याने टाइप करता करता हात थांबवले. “भाऊ, असं कोणी लिहीत नाही.”

“मी लिहितो. टाक.”

स्टँडच्या खांबावर फ्लेक्स लागला तेव्हा बन्सीलाल गुरुजी चष्मा पुसून पुसून वाचत होते. त्यावर लिहिलं होतं: ‘सौ. दिपमाला पितांबर पाटील. दोन वर्षं लढून गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. या रोगाची लस मिळते. आमच्या मयुरीला दिली आहे. तुमच्या पोरींना द्या. लस फ्रिजमध्ये ठेवावी, केळीच्या चेंबरमध्ये नाही.’

शेवटची ओळ मयुरीने सुचवली. मी म्हटलं होतं, गाव हसेल. ती म्हणाली, हसायला म्हणून थांबतील तर वरचं पण वाचतील.

गाव हसलं. अजून हसतं. अक्का दोन दिवस स्टँडच्या वाटेने गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी फ्लेक्सला हार घातलेला दिसला. घरात मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. फक्त फ्रिजचं दार आता ती उघडलं की लगेच लावते.

आणि परवा हेमराज चेंबरवर आला. दोन फण्या घ्यायला आलो म्हणाला. हेमराजने आजपर्यंत माझ्याकडून केळी विकत घेतलेली नाहीत, भिंतीवरून घेतो. फणी त्याने उलटीसुलटी करून पाहिली.

“भाऊ, दुसऱ्या डोसला धुळ्याला जाशील ना?”

“जाणार.”

“मोनालीची मम्मी म्हणत होती...” तो फणीकडे बघत म्हणाला, “मोनालीला पण कंपनी होईल. मयुरीसोबत.”

मी त्याला मोबाइलमधल्या त्या ओरडणाऱ्या माणसाबद्दल विचारू शकलो असतो. बाकीही पुष्कळ विचारू शकलो असतो. पण मालाची वेळ झाली होती, दार उघडायचं होतं. आतून वास येत होता, बरोबर तयार झालेल्या मालाचा. नाक माझं तेवढं नाही, पण एवढं मला आता कळतं.

“मोनालीला पंधरा कधी?” मी विचारलं.

“होळीला.”

“मग सहा महिने कशाला थांबतोस? सोमवारी धुळ्याला माल जातोय. पोरगी पुढे बसेल, माल मागे. आणि तू पण ये हेमराज. तिथे मुलांच्या खाटेवरून तुझ्याही पायांना लोंबकळायला जागा आहे.”